एक कॉमिक, एक माहितीपट : जोड्या सुचवा

कागदवेडा

भाचा आठवीत आहे. सुपरहिरोंचे सिनेमे त्याला तोंडपाठ, पण कॉमिक एकही वाचलेलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आला तेव्हा कपाटातलं 'बॅटमॅन : इयर वन' त्याच्या हातात ठेवलं. एका बैठकीत संपवून त्यानं विचारलं, "मामा, बॅटमॅन मुळात काढला कोणी?" मी म्हणालो, बॉब केन. इतकी वर्षं अंकाअंकावर तेच नाव वाचत आलो होतो. पण उत्तर अपुरं आहे हे मला ठाऊक होतं आणि मुलाला अपुरं सांगितल्याची रुखरुख लागून राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी 'बॅटमॅन अँड बिल' हा २०१७ सालचा माहितीपट बघितला.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केन यांनी आधी जो बॅटमॅन काढला त्याला लाल घट्ट कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला दोन ताठ पंख होते. त्यांचे लेखक सहकारी बिल फिंगर यांनी ते सगळं बदलायला लावलं. कान असलेला टोप, पंखांऐवजी लोंबता झगा, करडा-काळा रंग, डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी, हे सगळं फिंगर यांचं. ब्रूस वेन हे नाव त्यांनी दिलं. 'गॉथम' त्यांना टेलिफोन डिरेक्टरीत एका दागिन्यांच्या दुकानाच्या नावात सापडलं. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकातली पहिली गोष्टही त्यांनीच लिहिली. करार मात्र एकट्या केन यांच्या नावावर झाला. फिंगर १९७४ मध्ये गेले. बॅटमॅनच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१५ साल उजाडलं.

ते नाव कसं लागलं याचीच गोष्ट माहितीपटात आहे. मार्क टायलर नोबलमन हे मुलांसाठी पुस्तकं लिहिणारे लेखक जुने कागद, फोन नंबर, शाळेची वार्षिकं धुंडाळत बसतात. फिंगर यांचा एकुलता एक मुलगा फ्रेड १९९२ मध्ये वारला, त्याच्यामागे वारस नाही, असाच सगळ्यांचा समज होता. नोबलमन यांना फ्रेडची मुलगी अथीना सापडली आणि हक्क सांगायला कोणीतरी उभं राहिलं. फ्रेडनं वडिलांची राख ओरेगनच्या समुद्रकिनारी वटवाघळाच्या आकारात पसरली होती, तो भाग आला तेव्हा भाच्यानं टीव्ही थांबवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणून हा धागा. एक कॉमिक आणि त्याच्याशी नातं असलेला एक माहितीपट, अशी जोडी सुचवा. का सुचवताय तेही लिहा. आणि एक विनंती आहे, कॉमिकसोबत ते लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांची नावं लिहाच. माझ्यापासून सुरुवात करतो. 'इयर वन' (१९८७) : कथा फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली.

रंगरेषा

धागा आवडला. पण तुमच्याच विनंतीला धरून एक नाव राहिलं, रिचमंड लुईस. 'इयर वन'चे रंग त्यांचे आहेत. आधी ते चार स्वस्त अंकांत छापलं गेलं. एकत्र पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी रंग नव्यानं केले. दिव्याखालचा तो मळकट पिवळा, रात्रीचा धुरकट निळा, यांच्याशिवाय ते गॉथम उभंच राहत नाही. रंगवणाऱ्यांना आणि अक्षरं काढणाऱ्यांना कायम विसरलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कागदवेडा

बरोबर आहे तुमचं. वर भर घालत नाही, तुमचा प्रतिसादच राहू दे.

मोसमकाठ

माझी जोडी : 'ऑल-स्टार सुपरमॅन' (कथा ग्रँट मॉरिसन, चित्रं फ्रँक क्वाइटली, बारा अंक, २००५ ते २००८) आणि 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (दिग्दर्शन फैजा अहमद खान, २००८).

मी मालेगावचा. माझ्या घराच्या भिंतीला लागून माग होते, त्यांच्या खडखडाटातच आमचा अभ्यास व्हायचा. शुक्रवारी माग बंद असतात आणि शुक्रवारी गाव सिनेमाला जातं. हे कळल्याशिवाय हा माहितीपट नीट कळत नाही. नासिर शेख यांनी आधी 'मालेगाव के शोले' केला होता. मग त्यांनी सुपरमॅन करायचं ठरवलं आणि फैजा खान त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरल्या. सुपरमॅन झाला शफिक, यंत्रमागावर काम करणारा, अंगानं इतका किरकोळ की वाऱ्यानं उडेल. त्याला आडवा धरून मागे हिरवं कापड लावायचं की झालं उड्डाण. कॅमेरा सरकवायला सायकल, उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं ठप्प होतं. मधेच शफिकचं लग्न लागतं. या सुपरमॅनचा शत्रू म्हणजे गावाला तंबाखू आणि घाण यांत बुडवणारा माणूस. आमच्या गावाला कोणता शत्रू हवा, ते त्यांना अचूक कळलं होतं.

लोक हा माहितीपट हसत हसत बघतात. मला त्यात कारागिरी दिसते. मागाचा धोटा तुटला तर गावातच दुरुस्त करणारी माणसं आहेत ही, आणि सिनेमाही त्यांनी तसाच केला.

आता ही जोडी का ते सांगतो. 'ऑल-स्टार'मध्ये सुपरमॅनच्या अंगात सूर्याची शक्ती प्रमाणाबाहेर भरते आणि त्याच्या पेशी मरू लागतात. आपण जाणार हे त्याला पहिल्याच अंकात कळतं. मग उरलेल्या दिवसांत तो काय काय करतो, तेवढीच गोष्ट. दहाव्या अंकात एक मुलगी उंच इमारतीच्या काठावर उडी टाकायच्या बेतात उभी असते, आणि इतक्या कामांच्या गर्दीतही तो तिच्यापाशी पोचतो. सगळं एका पानात येतं, शब्द मोजके. चित्रीकरणानंतर काही वर्षांतच शफिक कर्करोगानं गेला. मी ते पान उघडतो तेव्हा मला तो निळा-लाल पोशाख घातलेला शफिकच दिसतो. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

पारिजात

मोसमकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर काही बोलावंसं वाटत नाही, फक्त पोचला हे सांगते.

हडसनकाठ

मी गेली अकरा वर्षं जर्सी सिटीत राहतेय, तेव्हा माझी जोडी घराजवळचीच. 'मिस मार्व्हल' (२०१४ पासून, कथा जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोना, संपादक सना अमानत) आणि 'मार्व्हल्स ६१६' या २०२० च्या माहितीपट मालिकेतला मार्व्हलमधल्या बायकांवरचा भाग. तो जिलियन जेकब्स यांनी केलाय आणि त्यात सना अमानत स्वतः आहेत.

कमला खान ही जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी. तिला शक्ती मिळते आणि पहिल्या झटक्यात ती काय करते, तर सोनेरी केसांची, गोरी, जुनी मिस मार्व्हल बनते. सुपरहिरो असाच दिसतो, एवढंच तिला माहीत असतं. मग हळूहळू कळतं की ते रूप अंगाला टोचतंय. माझी लेक इथल्या शाळेत डब्यातली पोळी-भाजी लपवून खायची. तिनं हे पुस्तक लायब्ररीतून आणलं आणि तीन आठवडे परत केलं नाही. नदीपलीकडे मॅनहॅटनच्या इमारतींवर सगळे नामांकित हिरो, अलीकडे आम्ही. पुस्तकात ते अंतर बरोबर पकडलंय.

२०१५ मध्ये या मालिकेच्या पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसवर मुसलमानांविरुद्ध जाहिराती लागल्या होत्या, तर कोणीतरी त्यांच्यावर कमलाची चित्रं चिकटवून त्या झाकल्या. कागदावरची मुलगी अशी रस्त्यावर उतरलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

वेताळटेकडी

तुम्ही सगळे तरुण मंडळी अमेरिकेपासून सुरुवात करता, ठीक आहे. मी सोलापूरला वाढलो. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात कॉमिक्स दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातलेली असत आणि तिथेच बसून वाचायची असत. त्यात इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून येत. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ते सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले. फँटम आम्हाला 'वेताळ' म्हणूनच माहीत. ली फॉक यांचा हा नायक फेब्रुवारी १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीचा. अंगाला चिकटलेला पोशाख, बुबुळं न दिसणारा मुखवटा, हे दोन्ही त्यानं आधी आणलं. शक्ती कुठलीच नाही. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो. ही कल्पना मला आजही कुठल्याही किरणोत्सर्गापेक्षा मोठी वाटते.

त्यातलं खुपणारंही सांगितलं पाहिजे. जंगलातल्या काळ्या लोकांचं रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूसच करणार, हे आता वाचताना घशात अडकतं. लहानपणी अडकलं नाही. नातवाला वाचायला देतो तेव्हा सोबत बसून हे बोलतो.

पण माझा खरा मुद्दा तुमच्या नावांच्या विनंतीबद्दल आहे. प्रताप मुळीक. पुण्याचे. अमर चित्रकथेचे कितीतरी अंक त्यांनी काढले. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला सुपरहिरो करून 'सुप्रीमो' निघायचं, त्याची चित्रं मुळीकांची, पटकथेला गुलजारांची साथ. आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला, त्याच्या सुरुवातीच्या अंकांतली चित्रंही मुळीकांचीच. पुराणातला नाग, पडद्यावरचा बच्चन आणि हिरव्या अंगाचा हिंदी सुपरहिरो, तिन्ही एकाच मराठी माणसाच्या हातून उतरले. हिंदी पट्ट्यातली पिढीच्या पिढी नागराजवर वाढली. आमच्याकडे मात्र मुळीकांचं नाव घेतलं की चित्रकलेचे विद्यार्थी सोडून कोणी मान वर करत नाही. २००६ मध्ये ते गेले.

जोडी म्हणून नागराजचे पहिले अंक आणि आलोक शर्मा यांचा भारतीय कॉमिक्सवरचा 'चित्रकथा' हा माहितीपट सुचवतो.

कागदवेडा

काका, नागराजचे अंक मी शाळेत असताना हिंदीतून वाचले. ते हात मुळीकांचे हे आज तुमच्याकडून कळलं. मी पुण्यातच राहतो, याचं जास्त वाईट वाटतंय.

मांडवी

नागराजचा विषय निघालाच आहे तर डोगाचंही नाव घ्या. राज कॉमिक्सचाच, पण मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं अनाथ पोर, व्यायामशाळेत घडलेलं, तोंडावर कुत्र्याचा मुखवटा. संजय गुप्ता, तरुणकुमार वाही आणि चित्रकार मनू यांचं काम. रक्तपात फार आहे, लहान मुलांना देऊ नका. पण गटारं, चाळी, दंगलीनंतरची भीती हे सगळं त्या स्वस्त कागदावर आलंय. दंगलीनंतरच्या काळातली मुंबई मराठी कॉमिकमध्ये मला कुठे सापडली नाही, हिंदीत सापडली.

माहितीपट मात्र मी वेगळाच सुचवणार. हडसनकाठ यांनी 'मार्व्हल्स ६१६'चा उल्लेख केला, त्याचाच पहिला भाग जपानी स्पायडरमॅनवर आहे. तोएई कंपनीला सत्तरच्या दशकात स्पायडरमॅन वापरायचा परवाना मिळाला आणि त्यांनी १९७८-७९ मध्ये ४१ भागांची मालिका काढली. त्यात मूळ कॉमिकचा नायक पीटर पार्कर नाहीच. मोटरसायकल चालवणारा तरुण आहे, परग्रहावरच्या म्हाताऱ्यानं दिलेली शक्ती आहे, आणि लिओपार्डन नावाचा इमारतीएवढा यंत्रमानव आहे. नायकाचा यंत्रमानव शेवटी राक्षसाला चिरडतो, ही पद्धत पुढे तिथल्या दुसऱ्या मालिकांनी उचलली आणि तीच फिरून आपल्याकडे पोचली. काम केलेली म्हातारी माणसं ज्या प्रेमानं बोलतात ते बघण्यासारखं आहे. मोसमकाठ यांचं मालेगाव मला सारखं आठवत होतं.

याच्यासोबत 'स्पायडरमॅन इंडिया' (२००४, शरद देवराजन आणि जीवन कांग) वाचा. मुंबईतला पवित्र प्रभाकर, पायात धोतर. गोष्ट मला थोडी घाईत उरकलेली वाटली, चित्रं सुंदर आहेत. हाच पवित्र २०२३ च्या स्पायडर-व्हर्सच्या सिनेमात आला आणि तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत लागला, मराठीतही. पणजीत मराठी खेळ मिळाला नाही, मित्राकडे मुंबईला जाऊन बघितला.

तिसरीघंटा

'वॉचमेन'चं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? कथा ॲलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स, १९८६-८७, बारा अंक. सोबत 'द माइंडस्केप ऑफ ॲलन मूर' (२००३). नवीन वाचकानं इथूनच सुरू करावं. पान नऊ चौकटींत बांधलेलं, त्यामुळे जिथे चौकट मोडते तिथे छातीत धस्स होतं. पाचवा अंक तर पहिल्या आणि शेवटच्या पानापासून मध्याकडे आरशासारखा रचलाय. हे जमलेलं दुसरं कॉमिक दाखवा.

कागदवेडा

'वॉचमेन' थोर आहे, वाद नाही. पण सुरुवात तिथून नको, असं मला अगदी मनापासून वाटतं. ती सुपरहिरोंची चिकित्सा आहे. ज्यानं त्यांच्यावर जीव लावलेला नाही त्याला ती चिकित्सा कशाची हे कळणार कसं? आधी 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ३३वा अंक वाचावा (स्टॅन ली, स्टीव्ह डिटको, १९६६). लोखंडाच्या ढिगाऱ्याखाली अडकलेला पीटर, पाणी चढतंय, आणि तो उठतो तसतशी डिटको यांची चौकट मोठी होत जाते. शेवटी अख्खं पान. त्या पानावर ज्याचा श्वास अडकला त्यानं मग 'वॉचमेन' हातात घ्यावं.

तिसरीघंटा

हे पटलं. पण मग जोडीच्या दृष्टीनं 'वॉचमेन'ची दुसरी बाजूही लिहितो, कारण ती तुमच्या मूळ विषयाची आहे. करारात असं होतं की पुस्तक छापणं बंद झालं की हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परत येतील. तेव्हा कॉमिक्स चार-सहा महिन्यांत बाजारातून जात, त्यामुळे दोघांना ते ठीक वाटलं. पुस्तक इतकं चाललं की छापणं कधी थांबलंच नाही. यशामुळेच हक्क गेले.

रंगरेषा

याआधीचं उदाहरण सिगल आणि शुस्टर. क्लीव्हलँडची दोन पोरं, १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना देऊन बसली. पुढे म्हातारपणी हाल. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९७५ मध्ये प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि श्रेयात नाव मिळालं. १९७८ चा सिनेमा बघताना सुरुवातीला ती दोन नावं येतात तिथे मी दर वेळी थांबते.

डिटको यांचं नाव निघालं म्हणून ली यांचे दुसरे चित्रकार जॅक कर्बी यांच्याबद्दल. 'स्टॅन ली' (२०२३) हा माहितीपट देखणा आहे. ली यांचा स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज, छोट्या बाहुल्यांचे देखावे. बघाच, पण त्याच्या आधी 'फँटॅस्टिक फोर'चे ४८ ते ५० अंक वाचा. तेव्हाची पद्धत अशी की ली गोष्टीचा सांगाडा सांगायचे, कर्बी अख्खा अंक चित्रांत रचून आणायचे आणि मग ली संवाद भरायचे. अवकाशात फळीवर उभा राहून फिरणारा सिल्व्हर सर्फर त्या पानांवर कर्बींनी आपण होऊन काढला, ली यांना तो पानं हातात आल्यावरच दिसला. आता सांगा, लेखक कोण? माहितीपटात हे वजन नीट तोललेलं नाही, असं मला वाटतं. कर्बींच्या मुलानंही तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

मांडवी

दोघांशिवाय ते झालं नसतं, असं माझं मत. लींचे संवाद काढून टाकले तर 'फँटॅस्टिक फोर'मधल्या दगडी अंगाच्या बेन ग्रिमचं दुःख कुठे ऐकू येईल?

रंगरेषा

दोघांशिवाय झालं नसतंच. म्हणून तर दोन्ही नावं सारख्या आकारात हवीत.

पारिजात

मोठ्यांची चर्चा चालू आहे, मधेच विचारते. लेक दहा वर्षांची. मारामारी चालेल, पण रात्री झोप उडेल असं नको. इंग्रजी बऱ्यापैकी वाचते.

हडसनकाठ

'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन', डोळे मिटून. कथा जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू (दोन जपानी कलाकार या नावानं काम करतात), २०१९-२०. १९४६ मध्ये सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेनं वर्णद्वेष्ट्या क्लॅनच्या विरोधात कथा केली होती, तिच्यावरून घेतलंय. चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येतं आणि त्यांच्या अंगणात क्रॉस पेटवला जातो. भीती आहे, पण ती मुलीच्या नजरेतून आणि तिला पेलेल एवढीच.

मोसमकाठ

माहितीपट म्हणून १९७८ च्या सिनेमात सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हवरचा २०२४ चा 'सुपर/मॅन' चालेल. मात्र दहा वर्षांच्या मुलीसोबत तुम्ही बसा. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून त्यांना मानेखाली हालचाल उरली नाही, ते सगळं त्यात आहे. त्यांची तिन्ही मुलं बोलतात, आणि ती फार मोकळेपणानं बोलतात.

पारिजात

महिनाभरानं परत आले. पुस्तक लेकीनं दोनदा वाचलं. तिला पडलेला प्रश्न असा की हा सुपरमॅन सुरुवातीला उडत का नाही, तारांवरून धावतो का? मला उत्तर देता आलं नाही. रीव्ह यांचा माहितीपट आम्ही अर्धा बघितला, उरलेला तिनं मोठी झाल्यावर बघायचं ठरवलंय.

कागदवेडा

छान प्रश्न. तिला सांगा, १९३८ चा सुपरमॅन उडतच नव्हता, उड्या मारायचा, एका उडीत साधारण दोनशे मीटर. उडणं नंतर आलं. यांग यांनी त्या जुन्या सुपरमॅनपासून सुरुवात केली आणि त्याला कारण दिलं. आपण परके दिसू या भीतीनं तो स्वतःलाच आवरून धरतो. चिनी मुलगी रॉबर्टा आणि तो, दोघांचं दुखणं एकच आहे. तिला पुन्हा एकदा त्या नजरेनं वाचू द्या.

पारिजात

सांगितलं. "म्हणजे ती त्याला उडायला शिकवते," म्हणाली आणि पुस्तक घेऊन खोलीत गेली. आता पुढचं कुठलं? हसवणारं असेल तर बरं.

तिसरीघंटा

'द अनबीटेबल स्क्विरल गर्ल', २०१५ पासून. कथा रायन नॉर्थ, चित्रं एरिका हेंडरसन, रंग रिको रेन्झी. खारीसारखी शेपटी असलेली मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते आणि भल्याभल्या खलनायकांना बोलून बोलून वळवते. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लेखकानं एकेक ओळ लिहिलेली असते. ती वाचायची राहू देऊ नका, लेकीला आधीच सांगून ठेवा.